उडत्या लढाऊ विमानाचे चित्र : एक चिन्हमीमांसा

१

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हे गाव लागते. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे येते. आज हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून त्याच्या नजीकच लोहगावचा हवाई तळ आहे. १९३९ साली ब्रिटिश हवाई दलाने मुंबईच्या संरक्षणाच्या हेतूने हा तळ उभारला. १९४७ साली तो भारतीय हवाई दलाकडे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पंख्यावर चालणारी लष्करी विमाने या परिसराच्या आकाशात नित्य दिसत. आज तेथे सुखोई जातीची जेट विमाने उडतात. महायुद्धकालीन विमान आता दिघीच्या रहिवाशाला भेटते ते बहुधा चित्रातच : भिंतीवरील रंगचित्रात, दिनदर्शिकेच्या पानावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा संगणकावर रचलेल्या दृश्यात.

अशा चित्रांकडे केवळ हौशी मंडळींचा विषय म्हणून पाहिले जाते, आणि त्यामुळे त्यांचा पद्धतशीर विचार क्वचितच होतो. वस्तुतः चिन्हांच्या अभ्यासकाला येथे फार उपयुक्त सामग्री मिळते. उडत्या विमानाचे कोणतेही चित्र पाहणाऱ्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांगत असते. पहिली, हे विमान गतिमान आहे. दुसरी, हे अमुकच विमान आहे. तिसरी, हे असे प्रत्यक्ष घडले आहे. या तीन विधानांना गती, ओळख आणि साक्ष अशी नावे देता येतील. तिन्ही विधाने एकाच पृष्ठभागावर एकत्र आलेली असल्यामुळे पाहणारा त्यांना एकच समजतो. परंतु प्रत्येकाचे चिन्ह निराळे, त्याच्या प्रामाण्याची कसोटी निराळी, आणि पुष्कळदा एकाला बळ देताना दुसऱ्याचा बळी जातो. हे कसे घडते ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

चित्रातील वस्तू पाहताना होणारे ज्ञान कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. नाट्यशास्त्राचा एक भाष्यकार शंकुक याचे मत अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवले आहे. नटाच्या ठिकाणी रामाची जी प्रतीती होते ती समजावून सांगताना शंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला, आणि तो ‘चित्रतुरगन्याय’ म्हणून प्रसिद्ध झाला. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो. हे ज्ञान यथार्थ नव्हे, कारण तेथे घोडा नाही. ते मिथ्याही नव्हे, कारण आपली फसवणूक झालेली नसते. ते संशयरूप नाही आणि निव्वळ सादृश्यज्ञानही नाही. या चारांहून वेगळी अशी ती प्रतीती होय. विमानाच्या चित्राला हा न्याय जसाच्या तसा लागू पडतो. मात्र येथे एक भर घालावी लागते. शंकुकाचा घोडा उभा असला तरी त्याचा युक्तिवाद चालतो. आपल्या विषयातील घोडा धावणारा हवा.

धावता घोडा रंगविण्याचा एक संकेत युरोपीय चित्रकलेत दीर्घकाळ रूढ होता. पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर, आणि चारही खूर अधांतरी. फ्रेंच चित्रकार जेरिको याच्या १८२१ सालच्या एप्सम येथील शर्यतीच्या चित्रात तो उत्कटपणे दिसतो. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने अमेरिकेत एका ओळीत कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. चारही खूर जमिनीपासून सुटतात हे त्यांतून सिद्ध झाले. पण ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे. चित्रकारांचा संकेत वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरला नाही. असे असूनही ती अचूक छायाचित्रे पाहणाऱ्यांना घोडा धावतो आहे असे वाटेना. तो जागच्या जागी थिजल्यासारखा वाटे. शिल्पकार रोदँ याने यावरून असे प्रतिपादन केले की खरे बोलतो तो कलावंतच. छायाचित्र खोटे बोलते, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नसतो.

उड्डाणाचे संकेत महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हते. ‘विमान’ हा शब्द यंत्राच्या शोधापूर्वी कितीतरी शतके भाषेत आहे, आणि दिघीपासून फारशा दूर नसलेल्या देहूच्या परंपरेत तो तुकारामांच्या वैकुंठगमनाशी जोडला गेलेला आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. त्याच्या अखेरीस तुकारामांना नेणारे गरुडाकृती विमान दाखविले आहे. तेथे उड्डाणाचा अर्थ पक्ष्याचे पंख आणि मेघ यांनी व्यक्त होतो. तीन वर्षांनी लोहगावचा तळ उभा राहिला तेव्हा निराळ्या प्रकारचे विमान आकाशात आले. त्याचे पंख ताठ आणि अचल. हलणारा भाग एकच, नाकावरचा; आणि मराठीने त्याला ‘पंखा’ हे नाव दिले. पंख आणि पंखा यांतील हे अंतर चित्रकाराच्या दृष्टीने निर्णायक ठरते. पक्ष्याची गती पंखांत दिसते, यंत्राची पंख्यात.

३

पंख्याची गती चित्रात कशी उमटते हे थोड्या अंकगणिताने उलगडते. भारतीय हवाई दलाने वापरलेल्या स्पिटफायर विमानाचा आठवा प्रकार उदाहरणादाखल घ्यावा. त्याला मर्लिन जातीचे इंजिन आणि चार पात्यांचा पंखा असे. इंजिनाची गती दंतचक्रांच्या योगे कमी करून पंख्याला दिली जाते. तिचे प्रमाण ०.४७७ आहे. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे असे मानले तर पंखा मिनिटाला सुमारे ९५४, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६ फेरे घेईल. आता कॅमेऱ्याचे शटर एका सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या अवधीत पाते सुमारे पावणेसहा अंश सरकते. छायाचित्रात पाते जवळपास स्थिर, कडा रेखीव. अडीचशेवा भाग उघडे राहिले तर ते सुमारे २३ अंश सरकते आणि पात्याच्या जागी फिकट पंखाकृती छटा उमटते. साठावा भाग उघडे राहिले तर सरकण सुमारे ९५ अंशांची होते. चार पात्यांमधील अंतर ९० अंशांचे असल्यामुळे एका पात्याची छटा पुढच्या पात्याच्या छटेत मिसळते आणि नाकासमोर एक अखंड पारदर्शक चकती तयार होते.

या तीन चित्रांपैकी पाहणाऱ्याला उडते वाटते ते तिसरे. पहिल्या चित्रातील विमान दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. वस्तुतः तिन्ही वेळी विमान सारख्याच वेगाने जात आहे, आणि क्षणाच्या दृष्टीने सर्वांत अचूक चित्र पहिलेच आहे. मायब्रिजच्या घोड्याचा प्रश्न येथे नव्या रूपाने पुन्हा उभा राहतो. फरक इतकाच की ताणलेल्या पायांचा घोडा कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसतो. पंख्याची चकती मात्र उघड्या डोळ्यालाही दिसते. म्हणून ती निव्वळ संकेत नव्हे. तिच्यात अनुभवाचा अंश आहे आणि रूढीचाही. रंगचित्रकाराला शटर नसते, तरीही तो चकती रंगवतो. आणि ती किती दाट वा विरळ रंगवावी हे आता तो पुष्कळसे छायाचित्रांवरून शिकतो. एका माध्यमाची यांत्रिक मर्यादा दुसऱ्या माध्यमाचे व्याकरण बनते, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्पिटफायरचा पाचवा प्रकार तीन पात्यांचा, आठवा चार पात्यांचा आणि ग्रिफन इंजिनाचा चौदावा पाच पात्यांचा. अर्थात पात्यांची संख्या हे विमानाच्या ओळखीचे एक प्रमुख चिन्ह होय. परंतु चकती पूर्ण झाली की पाती मोजता येत नाहीत. शटर जितके मंद, तितकी गती स्पष्ट आणि ओळख पुसट. शटर जितके जलद, तितकी ओळख स्पष्ट आणि गती लुप्त. गती आणि ओळख यांची चिन्हे येथे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालतात. चांगला छायाचित्रकार मधला मार्ग निवडतो, म्हणजे पात्याची छटा पसरावी पण मोजता यावी. ही निवड सौंदर्याची असते तशीच ती ज्ञानाचीही असते. कोणते विधान मोठ्याने करावयाचे आणि कोणते हळू, हे तीत ठरते.

भ्रमणध्वनीतील कॅमेरा आणखी एक गुंतागुंत निर्माण करतो. तो सबंध चित्र एकाच क्षणी न टिपता ओळीमागून ओळ टिपत जातो. त्या अवधीत पाते सरकल्यामुळे छायाचित्रात पाती कोयत्यासारखी वाकलेली, कधी पंख्यापासून सुटलेली दिसतात. असे पाते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तरीही ते खोटे म्हणता येत नाही. तो यंत्राच्या वाचनपद्धतीचा खरा ठसा आहे. उलट, जेट विमानाच्या बाह्यांगावर गतीचे असे कोणतेच चिन्ह नसते. चाके पोटात घेतलेले जेट विमान निरभ्र आकाशात टिपले तर ते उडत आहे की टांगलेले आहे हे चित्रावरून सांगणे कठीण. जुन्या लढाऊ विमानांच्या चित्रांना जो टिकाऊ मोह आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. त्यांची गती त्यांच्या मुखावर लिहिलेली असते.

४

आता ओळखीच्या चिन्हांकडे वळावयास हवे. लढाऊ विमानाच्या अंगावर वर्तुळाकार राष्ट्रचिन्ह, पथकाची अक्षरे आणि अनुक्रमांक असा बराच मजकूर असतो. भाषेच्या अभ्यासकाला हा मजकूर विशेष परिचयाचा वाटावा, कारण त्याला काळ आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळातून मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला होता. जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी त्याचा घोटाळा होऊन आपलीच विमाने आपल्या गोळ्यांना बळी पडू नयेत हा त्यातील उद्देश. त्यामुळे त्या आघाडीवरील वर्तुळ गडद आणि फिकट निळ्या रंगांचे दिसते. स्वातंत्र्यानंतर काही काळ भारतीय विमानांवर अशोकचक्र आले. प्रजासत्ताक झाल्यावर केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ रूढ झाले. हवाई दलाच्या नावामागे १९४५ साली लागलेले ‘रॉयल’ हे विशेषणही १९५० साली गळून पडले.

क्रियापदाला लागलेला प्रत्यय जसा काळ दाखवतो, तसे हे वर्तुळ चित्राचा काळ दाखवते. १९४४ सालच्या ब्रह्मदेशातील हरिकेन विमानावर तिरंगी वर्तुळ रंगविणे म्हणजे भूतकाळाच्या वाक्यात भविष्यकाळाचा प्रत्यय लावण्यासारखे आहे. अशा चुका देशाभिमानापोटीही होतात आणि अज्ञानापोटीही. परिणाम एकच होतो. भारतीय वैमानिक तेव्हा कोणत्या चिन्हाखाली लढले, ही त्यांच्या इतिहासातील अवघड आणि म्हणूनच अर्थपूर्ण गोष्ट चित्रातून नाहीशी होते.

अनुक्रमांकाचे काम विशेषनामासारखे. ते एकाच व्यक्तीकडे बोट दाखवते. पण विशेषनाम उसने घेता येते. हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात २०१८ साली एक डाकोटा विमान दाखल झाले. राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि त्यावरील क्रमांक ‘व्हीपी ९०५’. हा क्रमांक मूळचा दुसऱ्या एका डाकोटाचा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या पहिल्या तुकड्या श्रीनगरला उतरविण्यात त्या विमानाचा वाटा होता. नव्या विमानाला तो क्रमांक देण्यात फसवणूक नाही. तो जाहीर आदर आहे. डाकोटा हे मालवाहू विमान असले तरी उडत्या अवस्थेत जतन केलेल्या लढाऊ विमानांच्या बाबतीतही हीच प्रथा जगभर आढळते. एखाद्या नामांकित वैमानिकाच्या विमानाची अक्षरे दुसऱ्याच विमानावर रंगविली जातात. तत्त्वतः हे अवतरण होय. अडचण उद्भवते ती त्याचे छायाचित्र निघाल्यावर. अवतरणचिन्हे विमानाच्या अंगावर नसतात, आणि छायाचित्रातही येत नाहीत. पन्नास वर्षांनी ते चित्र हाती घेणारा अभ्यासक उसने नाव खरे समजण्याचा संभव आहे.

५

उरले ते साक्षीचे विधान. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने चिन्हांचे जे तीन वर्ग केले ते येथे उपयोगी पडतात. सादृश्यावर उभे राहते ते प्रतिमाचिन्ह, प्रत्यक्ष कार्यकारणसंबंधावर उभे राहते ते निर्देशकचिन्ह, आणि केवळ रूढीवर उभे राहते ते संकेतचिन्ह. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला यांतील दुसरा वर्ग सहज ओळखता येईल. विमानाचा आकार हे प्रतिमाचिन्ह, वर्तुळ आणि अक्षरे ही संकेतचिन्हे, आणि छायाचित्रातील प्रकाशाचा ठसा हे निर्देशकचिन्ह. साक्ष देण्याचा अधिकार फक्त तिसऱ्याला आहे.

हवेतून हवेत घेतलेले छायाचित्र या साक्षीचा सर्वांत विश्वसनीय नमुना मानता येईल. इंग्रज छायाचित्रकार चार्ल्स ब्राऊन (१८९६–१९८२) याने या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. यात छायाचित्रकार दुसऱ्या विमानात बसलेला असतो आणि दोन्ही विमाने समान वेगाने, परस्परांपासून ठराविक अंतर राखून उडतात. परिणामी कॅमेऱ्याच्या दृष्टीने लक्ष्य विमान जवळपास स्थिरच असते. वेग उमटतो तो पंख्यात आणि खाली मागे सरणाऱ्या भूमीत. येथे घटना घडली याविषयी शंका नसते. परंतु ती घटना छायाचित्रासाठी घडवून आणलेली असते, हे विसरता कामा नये.

रंगचित्राची स्थिती उलट. पॉल नॅश याने १९४१ साली रंगविलेले ब्रिटनच्या हवाई युद्धाचे चित्र प्रख्यात आहे. त्यात एकेक विमान ओळखण्यापेक्षा आकाशभर उमटलेल्या धुराच्या व बाष्पाच्या रेषांतून युद्धाचा अर्थ लावावा लागतो. दम्याच्या विकारामुळे नॅशला विमानातून उड्डाण करता आले नव्हते. इटालियन चित्रकार क्राली याने १९३९ साली शहरावर झेपावणारे विमान वैमानिकाच्या पाठीमागून रंगविले. इमारती जणू वर उसळून अंगावर येतात. ही चित्रे घटनेची साक्ष देत नाहीत. ती अनुभवाचा अन्वयार्थ मांडतात, आणि तसे उघडपणे सांगतात. म्हणून त्यांच्याकडून दिशाभूल होत नाही.

दिशाभूल होते ती या दोहोंच्या मधल्या प्रदेशात. महायुद्धकालीन स्पिटफायर, हरिकेन आणि टेम्पेस्ट ही विमाने दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात जतन झाली. उभ्या विमानाचे छायाचित्र घ्यावे, संगणकावर त्याची चाके पुसावीत, नाकावर चकती काढावी आणि मागे मेघ जोडावेत, की उडते विमान तयार. असे चित्र छायाचित्रासारखे दिसते, पण त्यातील उड्डाण कोणत्याही ठशावर आधारलेले नसते. ते ओळखण्याचा मार्ग व्याकरणाच्या अभ्यासकाला परका नाही. मराठी वाक्यात लिंग, वचन व पुरुष यांचा अन्वय जुळावा लागतो, तसा चित्रातील चिन्हांचाही जुळावा लागतो. उभ्या विमानाचे शेपटीवरील एलेव्हेटर बहुधा खाली झुकलेले असतात. उडताना तसे असते तर विमानाने नाक खाली घातले असते. चाके ठेवली असतील तर टायर भाराने दबलेले दिसतात आणि पाय आखडलेले. हवेत तो भार नसतो. आसनात वैमानिक नसतो. विमानावरील प्रकाश एका बाजूने येतो आणि मेघांवरील दुसऱ्या. चित्र उलटे छापले गेले तर अक्षरे उलटी होतात, आणि ती दुरुस्त केली तरी पंख्याची दिशा उलटीच राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेल्या चित्रांत तर अनेकदा अनुक्रमांकाच्या जागी अक्षरांसारखी दिसणारी, पण कोणत्याच लिपीत नसलेली चिन्हे आढळतात. पात्यांची संख्याही कधीकधी कोणत्याच प्रकाराशी जुळत नाही. तेथे रूप आहे, अर्थ नाही.

६

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग कोणता? समजा, दिघीच्या टेकडीवरून उडणाऱ्या स्पिटफायरचे एक देखणे चित्र एखाद्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात छापावयाचे आहे. ते चित्र रचण्यात गैर काही नाही. या परिसरातील लोकांना आपल्या माथ्यावरचा एक विसरलेला काळ त्यातून दिसू शकेल. मात्र चित्राखालील ओळ काय म्हणते यावर त्याचे मूल्य ठरेल. ‘दिघीवरून उडणारे स्पिटफायर, १९४५’ असे लिहिले की ते साक्षीचे विधान होते आणि त्याला पुरावा लागतो. ‘कल्पनाचित्र, विमान आठव्या प्रकाराचे, चिन्हे ब्रह्मदेश आघाडीच्या पद्धतीची’ असे लिहिले की तेच चित्र प्रामाणिक होते, आणि त्याच्या सौंदर्यात तिळमात्र उणेपणा येत नाही.

हा काटेकोरपणा पंडिती हट्टापोटी सांगितलेला नाही. या विमानांत माणसे बसलेली होती, आणि त्यांतील कित्येक परतली नाहीत. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर यांना काश्मीरच्या १९४७-४८ च्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख होते. त्यांच्यासारख्यांची नावे इतिहासात सुरक्षित आहेत. ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत, त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा मात्र पुष्कळदा एखाद्या धूसर छायाचित्रातील विमानाचा अनुक्रमांक एवढाच असतो. अशा छायाचित्रावर सुबक चकती चढविली, वर्तुळाचे रंग बदलले, क्रमांक पुसून अधिक प्रसिद्ध क्रमांक घातला, तर चित्र निःसंशय अधिक आकर्षक होईल. पण एका माणसाकडे बोट दाखविणारी उरलीसुरली खूण त्यात नष्ट होईल.

तेव्हा अशा चित्रांचा संग्रह वा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक चित्राला तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. गती कशाने दाखविली आहे? ओळख कोणत्या चिन्हांवर आधारलेली आहे, आणि ती चिन्हे एका काळाची आहेत काय? साक्ष देणारा ठसा चित्रात आहे की नाही, आणि असल्यास तो नेमका कशाचा? तिन्ही उत्तरे चित्रासोबत नोंदवून ठेवावीत, आणि मूळ प्रत बदलू नये. शंकुकाच्या चित्रतुरगाकडे पाहणारा प्रेक्षक फसत नव्हता, कारण आपण चित्र पाहत आहोत हे त्याला ठाऊक होते. हे ठाऊक राहील अशी व्यवस्था करणे, हे आज चित्र काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे समान कर्तव्य होय.